वेदीवर नेलेली पाटी

बोरिवलीला गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत वसईची सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) आणि एक काळी साडी होती. माझा धाकटा भाऊ रेमी जाऊन महिना होत आला होता. दफनाला मला वेळेत पोचता आलं नव्हतं. निदान महिन्याच्या मिस्साला (मृतासाठी चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेला) हजर राहावं म्हणून मी दिल्लीला निघाले होते. वाचायला पुस्तक घेतलं होतं. कोटा आलं तरी मी त्याच पानावर होते.

मथुरेच्या पुढे गाडी धुक्यात थांबली. खिडकीबाहेर मोहरीचं शेत असावं, कारण पांढऱ्यात कुठेतरी पिवळं दिसत होतं. समोरच्या सरदारजींनी डबा उघडला आणि मेथीचा पराठा माझ्यापुढे धरला.

"दिल्ली घूमने, बहनजी?"

"भाई के घर."

"अच्छा! फिर तो मौज है आपकी."

मी मान हलवली आणि पराठा घेतला. चांगला होता.

सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत रिक्षा शिरली तेव्हा दुपार टळली होती. रेमीच्या दारावर पितळी पाटी तशीच होती. त्याचं नाव आणि खाली 'उपसचिव'. तो इथे कारकून म्हणून आला होता, परीक्षा देत देत वर चढला. त्याच्या बायकोने, लूसीने, दार उघडलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हात धुऊन घ्या ताई, वरण गरम आहे."

जेवताना वाद निघाला. इथल्या चर्चमध्ये अशी रीत आहे की अर्पणाच्या वेळी घरचे लोक भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेतात, आणि त्यासोबत गेलेल्या माणसाच्या आयुष्यातली एखादी वस्तू. रेमीची मुलगी अनिता, गुडगावच्या मोठ्या कंपनीत नोकरीला, म्हणाली, "मी बाबांची पाटी नेणार."

"देवापुढे हुद्दा मिरवायचा?" लूसी म्हणाली.

"मिरवायचा काय यार, आई! त्यांनी लाइफभर तेच तर केलं."

"तेच केलं. रविवारीसुद्धा तेच केलं. आणि ऑफिसच्या टेबलावरच गेला. ना पापनिवेदन, ना फादरच्या हातचं शेवटचं तेल. ज्या खुर्चीने त्याला नेलं तिची पाटी वेदीवर जाणार असेल तर मी येत नाही मिस्साला."

अनिता ताट घेऊन उठली. स्वयंपाकघरात भांडी पुसताना लूसीने मला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही मोठ्या, एवढी पुस्तकं वाचलेल्या. त्याला तिथे, देवाकडे, घेतला असेल ना?"

मी पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी अनिताने पाटी दारावरून काढलीच. ती चमकवून घ्यायला आम्ही करोल बागेत गेलो. दागिन्यांची दुकानं आणि गाड्यांचे सुटे भाग यांच्यामधल्या एका बोळात पॉलिशवाला बसला होता. पाटी उलटसुलट करत त्याने विचारलं, "साहब का प्रमोशन हुआ है?"

"ट्रान्सफर," अनिता म्हणाली.

"दूर?"

"बहुत दूर."

"तो नई बनवा लीजिए, मॅडम. वहाँ यह थोड़े ही चलेगी."

चमकलेली पाटी अनिताने पिशवीत घातली. परतताना राजीव चौकात मेट्रो बदलायची होती. गर्दीने तिला डब्यात ढकललं, मी फलाटावर राहिले आणि दार बंद झालं. काचेमागून ती ओरडताना दिसली, नंतर कळलं, "आत्या, हिलना मत!" म्हणत होती. मी खांबाला धरून तशीच उभी राहिले. ती परत आली तेव्हा दोघींनाही हसू आवरेना. बाहेर येऊन छोले-कुलचे खाताना मी तिला आगेऱ्याबद्दल (नवं पीक चर्चमध्ये अर्पण करण्याचा आमचा सण) सांगितलं. आमचे वडील वेदीवर न्यायचा केळीचा घड आधीपासून हेरून ठेवत. शेजाऱ्याचा घड मोठा निघाला की दिवसभर गप्प बसत.

"म्हणजे कॉम्पिटिशन! चर्चमध्ये!"

"बिल्कुल," मी म्हणाले. माझ्या तोंडी तो दिल्लीकडचा शब्द ऐकून ती पुन्हा हसली.

संध्याकाळी हीच गोष्ट मी लूसीसमोर काढली. तीही आमच्याच गावची. ती मटार सोलत राहिली.

रविवारी ती चर्चला आली. अर्पणाची वेळ झाली तशी अनिता पाटी घेऊन उठली. लूसीने हात पुढे केला. "दे. द्यायचंच आहे तर मी देते. त्याला ऑफिसला मीच दिला होता एवढी वर्षं." आणि भाकरीच्या थाळीमागोमाग ती पाटी घेऊन चालत गेली.

मिस्सा संपल्यावर अनिता पाटी परत घ्यायला वेदीमागच्या खोलीकडे निघाली. इथे सगळेच आपली वस्तू परत नेतात. लूसीने तिला दारात थांबवलं.

"ताई, आगेऱ्याचा घड कधी कोणी घरी परत आणला होता?"

"नाही," मी म्हणाले.

"आई, प्लीज. दारावर दुसरं काय आहे बाबांचं?"

"काही नाही. म्हणूनच तर ते खरं देणं."

फादर झारखंडचे, तरुण. ते गोंधळले. "आंटी, मैं इसका क्या करूँगा?"

"पीतल है, फादर. मोमबत्ती का स्टैंड बनवा लीजिए."

अनिताने तिथल्या टेबलावरची पाटी उचलली. मला वाटलं, ती घेऊन निघून जाईल. तिने ओढणीच्या टोकाने तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसले आणि पाटी फादरांच्या हातात दिली. मग बाहेर जाऊन बराच वेळ रडली.

निजामुद्दीन स्टेशनवर लूसी मला सोडायला आली होती. मी म्हणाले, "तू त्या दिवशी विचारलंस ना. तू दिलास, म्हणजे घेतला असेल."

"नक्की कळलं तर कळवा," ती म्हणाली, आणि या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच किंचित हसली.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. मोठं व्हावंसं वाटणं ही देवापासून लपवायची गोष्ट आहे, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. पण ज्याला काहीच हवंसं वाटलं नाही, तो वेदीपाशी काय घेऊन जाणार? रेमीने स्वतः ते मोठेपण कधी देऊन टाकलं होतं का, मला माहीत नाही. त्याच्या बायकोने आणि मुलीने दिलं, एवढं मी पाहिलं.

पुढच्या रविवारी गावच्या चर्चमध्ये फादरांनी मृतांची नावं वाचली. रेमीचं नुसतं नाव वाचलं, रीत तशीच आहे. त्यापुढे 'उपसचिव' मी पुटपुटले. शेजारच्या बाईने वळून पाहिलं, म्हणून तिलाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.