कॅमेऱ्यावरची टिकली

धामणगाव बढेहून थोड्या पुढच्या एका गावातल्या शाळेत मी संगणक शिकवायला लागले, तेव्हा मी फारशी बोलत नसे. मी बुलढाण्याच्या कॉन्व्हेंटमधली, म्हणून शिक्षकांच्या खोलीत इतरही माझ्यासमोर जपून बोलत. मोठ्या बाई तेवढ्या जपत नसत. त्या सातवीला विज्ञान शिकवत.

"अवं माय, बोलत जा ना," त्या म्हणायच्या. "आम्ही काई तुह्ये दात मोजून राह्यलो नाही."

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं की प्रत्येकाने एक तास ऑनलाइन घ्यायचा, दूरच्या एखाद्या शाळेशी जोडून. बाईंना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"हे पाहून राह्यलं काय वो आपल्याले?"

"बंद आहे, बाई."

त्यांचा विश्वास बसला नाही. पर्समधून पाकीट काढून त्यांनी एक मरून टिकली कॅमेऱ्यावर चिकटवली, आंघोळीआधी आरशावर चिकटवतात तशी. मग एका बोटाने सगळं भराभर शिकल्या. फक्त टिकली काढायचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी विचारायच्या.

"पोरायसमोर हसू झालं ना, तर सरळ घरी बसीन," एकदा म्हणाल्या. "तशीबी नोकरीची दोनच वर्सं राह्यली." हे त्या गमतीने म्हणत नव्हत्या. त्या गेल्या असत्या तर त्या शाळेत मी कोणाशी बोलले असते, कोण जाणे.

तास आला तो नेमका कापूस वेचणीच्या दिवसांत. निम्मी बाकं रिकामी होती. आलेल्या मुलांची बोटं बोंडांच्या वाळक्या टोकांनी ओरखडलेली. टेबलावर पऱ्हाटीची एक बोंडं लागलेली फांदी होती. पलीकडे समुद्राकाठची शाळा होती, कापसाचं झाड कधीच न पाहिलेली मुलं. ती आमच्या मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसत होती.

"तुमचं चित्र येत नाहीये," तिकडचे सर म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टिकलीकडे पाहिलं.

"आवाज येतोय ना?" मी विचारलं आणि विषय तिथेच सोडला. कॅमेरा बंद ठेवता येत असेल तर मीही बंदच ठेवते.

टिकलीआडून बाई सुरेख शिकवत होत्या. पेरणी झाली, पात्या म्हणजे कळ्या झाल्या, फुलं झाली. मग तिकडच्या एका मुलीने विचारलं, "बाई, बोंड म्हणजे फुलासारखं असतं की फळासारखं?"

"आधी हिरवं असतं. लिंबाएवढं. मग ते चार ठिकाणी..." बाई अडखळल्या. वस्तू हातात दिल्याशिवाय त्यांनी आजवर काही शिकवलं नव्हतं. आताही त्या मघापासून लॅपटॉपसमोर बोंड धरून उभ्या होत्या.

"थांब. दाखवते."

नखाने टिकली खरवडून त्यांनी मनगटावर लावली. पडद्याच्या कोपऱ्यात बाईंचा मोठा, घामेजलेला चेहरा आला आणि आमचा वर्ग खो-खो हसला.

बाईंनी स्वतःला क्षणभर न्याहाळलं. मग मागे वळल्या. "काऊन रे? मले आजच पाहून राह्यले का?"

हसू ओसरलं. त्यांनी बोंड कॅमेऱ्याजवळ नेऊन उकललं. आत गुलाबी अळी वळवळत होती. तिकडून "ई" असा सूर आला.

"पण बीटी कापसाला अळी लागत नाही ना?" तिकडच्या एकाने विचारलं.

आमच्या मागच्या बाकावरून उत्तर गेलं, "बियाण्याच्या पाकिटावर तसंच लिहेल असते. अळीले वाचता येत नाही."

दोन्ही वर्ग हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बोंडातला पिवळा, चिकटलेला कापूस दाखवला. "मग हा असा निघतो," त्या म्हणाल्या आणि मी पुढे होण्याआधी त्यांनी स्वतःच लॅपटॉप उचलून रिकाम्या बाकांकडे वळवला. "इथं बसणारी मुलं आज हाच वेचायला गेली आहेत." मग तिकडच्या एका मुलाने विचारलं, ती शाळेत परत कधी येतील? वेचणी कधी संपते ते बाईंनी त्याला नीट सांगितलं.

तास संपल्यावर मनगटावरची टिकली पुन्हा कॅमेऱ्यावर गेली.

"पुढच्या बारीले तूर दाखवू," बाई म्हणाल्या. "आन तू काऊन मांगं लपून राह्यली व्हती? माह्या बाजूले उभी राहजो."

"बरं."

"बरं काय? हाव म्हण."

"हाव," मी म्हटलं.