आत्याच्या खोलीतलं निखाऱ्यांचं घमेलं

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला माझी आत्या एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. मागच्या आठवड्यात शेजारच्या शांताबाईंनी सकाळी दार वाजवलं, ते उघडेना. लोकांनी कडी तोडली. आत आत्या गुंगीत पडलेली आणि खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं. साकोलीच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर ती शुद्धीवर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला की कडी कोणी तोडली. डॉक्टरांनी बजावलं, बंद खोलीत निखारे ठेवायचे नाहीत. घरी येऊन तिने नवी कडी बसवून घेतली आणि घमेलं पुन्हा आत नेलं. हे शांताबाईंनी फोनवर कळवलं, तेव्हा मी आणि शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, नागपूरहून निघायचं ठरवलं.

हिवाळ्यात या रस्त्याला लागायचं तर नऊच्या आधी निघू नका. आम्ही सहाला निघालो. मौद्याच्या पुढे धुकं इतकं दाट झालं की पुढच्या ट्रकचे दिवे दिसेपर्यंत ट्रकच अंगावर यायचा. गाडी शुभा चालवते. मी शेजारी बसून सूचना करतो, ज्या ती ऐकत नाही. मोठा दिवा लाव, ही सूचना तिने ऐकली नाही हे बरंच झालं, कारण धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. छोटा दिवा, कमी वेग, आणि थांबायचंच असेल तर रस्ता सोडून पार खाली उतरून थांबणं, एवढं पुरतं.

शहापूरला आम्ही तसेच खाली उतरून एका टपरीवर थांबलो. चहावाल्याने आम्हाला कुठं चाललात, काहून चाललात, सगळं विचारून घेतलं आणि ऊन पडेपर्यंत उठू दिलं नाही. तेवढ्या वेळात आमचे तीन तीन चहा झाले. वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा खालची नदी दिसत होती, म्हणजे निघायला हरकत नव्हती. लाखनीजवळ उकडलेले शिंगाडे मिळतात, जरूर घ्या.

साकोलीहून लाखांदूरच्या वाटेला वळलात की डोळे रस्त्यावरच ठेवा. लोकांनी अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं असतं आणि त्यावरून गाडी जाऊ नये म्हणून कडेने धोंडे मांडलेले असतात. संध्याकाळी धान उचललं जातं. धोंडे उचलायची आठवण सगळ्यांना राहतेच असं नाही. असा एक धोंडा शुभाने शेवटच्या क्षणी चुकवला.

आत्या अंगणात उभीच होती. आम्ही तिच्यासाठी रबरी गरम पाण्याची पिशवी नेली होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली, वाखाणली, गरम पाणी भरून घेतलं आणि गोठ्यात नेऊन शेळीच्या दोन दिवसांच्या पिलांच्या मधोमध ठेवली.

मग मी खोली पाहिली. दर वर्षी धान चुरून, म्हणजे मळून झालं की आत्या तणसाचे, भाताच्या पेंढ्याचे, पीळ करून दाराच्या फटीत ठोकते. खिडकी तणसाने गच्च भरून वरून शेणाने लिंपते. काम इतकं सफाईदार की दार लावल्यावर कानाला दडे बसले. हे कौशल्य तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. फक्त सासूच्या वेळी वर कौलं होती आणि त्यांतून हवा यायची. आता स्लॅब आहे. मी हे तिला समजावलं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, धूर नसतो, हेही सांगितलं.

"वास नाही, धूर नाही, मंग तुले दिसला कुठं?" ती म्हणाली.

शांताबाईंना मध्ये घ्यावं म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांचा मुलगा-सून पुण्याला, त्याही एकट्याच. त्यांनी आत्याच्या हट्टाबद्दल पुष्कळ खेद व्यक्त केला. तेवढ्यात मला त्यांच्या खाटेखालचं घमेलं दिसलं.

"माह्याकडंही राहते," त्या म्हणाल्या. "पण मले काय होते?"

संध्याकाळी लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि तांदळाची भाकर खाऊन आम्ही त्याच खोलीत झोपायला निघालो. पुन्हा वाद घालायची मी तयारी केली होती. पण आत्याने आपणच घमेलं उचललं, अंगणात नेऊन ठेवलं आणि सराट्याने, म्हणजे उलथन्याने, खिडकीतलं दोन वीत तणस उपसून काढलं. रात्रभर आम्ही तिघं कुडकुडलो.

सकाळी मी आनंदाने म्हणालो, "पटलं म्हणायचं तुला."

"पटलं काय? तुमी दोघं होते म्हणून काढलं," ती म्हणाली. "तुमाले काही झालं तर मी तुह्या बापाले काय तोंड दाखवू? तुमी गेले का भरतो पुन्हा."

माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. मला एकदम भरून आलं आणि तिचा रागही आला.

शुभाला राग आला नाही, तिला उपाय सुचला. ती आधी शांताबाईंकडे गेली आणि आत्याला रात्री एकटीला भीती वाटते, महिनाभर तिच्या सोबतीला झोपा, असं म्हणाली. मग आत्याला बाजूला घेऊन शांताबाईंच्या छातीत दुखतं, त्यांना एकटं झोपू देऊ नकोस, असं सांगितलं. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या होत्या. दुपारी आम्ही निघेपर्यंत शांताबाईंची खाट आत्याच्या खोलीत आली होती.

या वेळी ऊन असताना नागपूर गाठलं. या सहलीत पाहिलं काय, असं विचाराल तर एक नदी, पुष्कळ धान आणि एक खिडकी. आता रोज सकाळी सातला मी दिघोरीला फोन लावतो आणि तो उचलला जाईपर्यंत उभाच असतो. आत्या हळू आवाजात सांगते की शांतीपायी घमेलं बाहेर ठेवावं लागते, हाडं गोठून राहिली. मग शांताबाई फोन घेऊन अंगणात जातात आणि आत्यापायी आपण कशा गारठून राहिलो ते सांगतात. दोघींनाही खूप थंडी वाजते. मी दोघींचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि मगच खाली बसतो.