पायलची अर्धी पाळी

गेला सोमवार, कापूस वेचणीचे दिवस. अंगणवाडीत हजर: मी, मदतनीस शोभाताई, चौदा मुलं. आणि दारात मालकीणबाई. त्यांचं नाव हजेरीत नाही.

कोपऱ्यात वावर-वावर, म्हणजे शेतातल्या मालकीण-मजुराचा खेळ, चाललं होतं. माझ्याकडे रोज त्याला वेळ ठरलेली आहे. ओढण्या, डबे, एक गडवा, बाकी मुलं म्हणतील ते. नियम एकच. पाळीपाळीनं सगळ्यांनी सगळं व्हायचं. त्या दिवशी मालकीण होती पायल. तिची आई मालकीणबाईंच्याच वावरात वेचणीला जाते. मजूर होता वेदांत, मालकीणबाईंचा नातू. कमरेला ओढणीची ओटी, ओटीत कापूस म्हणून कागदाचे बोळे.

"पानी द्या वो मालकीण," तो म्हणाला.

पायलनं गडवा उचलला. अंग चोरून, हात लांब करून, वरून धार सोडली. त्यानं ओंजळ धरली.

"हळू टाक वं, नाकात गेलं!"

दोघंही खिदळत होती. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं.

"काऊन वो बाई," मालकीणबाई दारातूनच बोलल्या, "मजुराची पोरगी माह्या नातवाले वरून पानी पाजते, अन् तुम्ही पाहून राह्यल्या?"

"खेळ हाय, काकू."

"बंद कर असे खेळ. एबीसीडी शिकव. तुही माय आमच्या बांधावर ओंजळीनंच पानी पेत होती. इसरली काय?"

एका दमात 'तुम्ही'ची 'तू' झाले. शोभाताई जमिनीकडे पाहत राहिली.

विसरले नव्हते. मायच्या शेजारी मीही उभी असायची. मान वर, कोपरापर्यंत ओघळ, फ्रॉक ओला. घरी आल्यावर आम्ही पोरीही वावर-वावर खेळायचो. त्या खेळात मी एकदाही मालकीण झाले नाही. कोणी मना केलं नव्हतं. मला सुचलंच नाही. खेळातसुद्धा मजूरच.

या बाईंसमोर मान डोलावून डोलावून दमले आहे मी.

म्हणाले, "नाही इसरली, काकू. म्हनूनच हा खेळ बंद नाही होनार."

त्यांनी वेदांतचं मनगट धरलं.

"आजी, थांब न! माही ओटी भरली नाही अजून!"

ओढत नेताना गाठ सुटली. बोळे उंबऱ्यावर सांडले. पायलनं गडवा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती नाही. तिच्या आईला निरोप गेला होता, पोरीले तिथं धाडशील तर वेचणीले येऊ नको. मला पर्यवेक्षिकांचा फोन आला, "कशाला वाद घालता?" मी म्हटलं, कोपरा बंद करायचा तर लेखी द्या. लेखी काही आलं नाही.

आजची कामं. आहार वाटला. वजनं घेतली. ओढण्या धुतल्या. पायलच्या घरी जायचं राहिलं आहे. तिची आई दिवेलागणीला परतते, तेव्हाच जावं लागेल. काय बोलायचं, ते ठरलेलं नाही.

ठरलं आहे ते एवढंच. पायल येईपर्यंत मालकिणीची पाळी पुढे सरकणार नाही.