प्रार्थनेचा विषय

आमच्या ख्रिस्ती मंडळीत चुगली कोणी करत नाही. आमच्याकडे प्रार्थनेचे विषय असतात. दर शुक्रवारी दुपारी माळनाक्याच्या बाजूला कोणाच्या तरी घरी आम्ही बायका जमतो. गीत होतं, वचन होतं, मग डोळे मिटून एकेकजण विषय मांडते. अमकीचा नवरा पितो, तमकीची सून नांदत नाही. डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले. मला याची चीड येते, आणि सर्वांत जास्त स्वतःची येते.

सलोमीमावशी पडवीत मशीन टाकून शिवणकाम करते. वय अडुसष्ट. ब्लाउजचं कापड नेलं की ती तोंडावर सांगते, हा रंग तुला शोभत नाही गो, आणि मग तोच ब्लाउज असा शिवते की आपण शोभून दिसतो. माणसाबद्दल जे बोलायचं ते त्याच्यासमोर, आणि हळू आवाजात, ही तिची रीत.

एप्रिलात मंडळीच्या बालवाडीतली राही तिच्याकडे दोन ड्रेस देऊन गेली. राही सावर्ड्याची, इथे खोली घेऊन एकटी राहते, लग्न झालेलं नाही. मी माझं शिवण न्यायला गेले तेव्हा मावशी शिवण उसवत होती. म्हणाली, "तुझं आज होणार नाय. राहीचे दोन ड्रेस कमरेत सैल करायचेत." एवढंच, कामाच्या नादात.

ते वाक्य मी घरी नेलं, आणि शुक्रवारी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, आमच्या राहीचं पाऊल घसरलं असेल तर तिला सावर." सगळ्याजणी आमेन म्हणाल्या.

पंधरा दिवसांत बालवाडीच्या समितीने राहीला 'सध्या घरी थांब' असा निरोप धाडला. कारण दिलं नाही. तिला एका शब्दाने कोणी विचारलं नाही. रविवारी चर्चच्या पायरीवर मात्र सगळ्या गोड हसून म्हणायच्या, जप हो स्वतःला. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि आम्ही त्याला प्रीती म्हणत होतो. पोरीने सामान बांधायला घेतलं.

मावशीच्या कानावर हे सर्वांत शेवटी गेलं. ती तडक राहीच्या खोलीवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिला हाताला धरून सभेत घेऊन आली. समितीच्या दोघी तिथे होत्याच. विषय मांडायची वेळ झाली तशी मावशी उभी राहिली.

"माझा विषय मी स्वतः," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाचं माप मी दुसऱ्यापाशी बोलले. ही चूक माझी. राहीची माफी मी काल मागितली, आज तुमच्यासमोर मागते. ड्रेस का सैल केले ते तिने मला सांगितलंय. ते तिचं आहे, मी सांगणार नाय. तुम्हाला वाटतं तसं असतं, तरी तुम्हाला तो अधिकार नव्हता."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "शकू, त्या दिवशीची प्रार्थना पुन्हा कर. राही समोर बसलीय. डोळे तेवढे उघडे ठेव."

मी डोळे उघडे ठेवले. राही माझ्याकडे बघत होती. शेवटी मी एवढंच म्हटलं की मी खात्री न करता बोलले, मला क्षमा कर. तिने मान वळवून मावशीकडे पाहिलं. क्षमा तिने का करावी?

सोमवारी समितीने तिला परत बोलावलं. ते ड्रेस का सैल करावे लागले हे मला आजही माहीत नाही, आणि अजून मला ते विचारावंसं वाटतं. या जिभेला काय म्हणावं?

परवा माझा ब्लाउज न्यायला गेले. मशीनवर कोणाचं तरी कापड होतं. मावशीने मला दारातच थांबवलं, ते कापड घडी करून पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं, आणि मग म्हणाली, "ये गो, आत ये."