एकसष्टावा फॉर्म

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकीला एक प्रकल्प करावा लागे. माझ्या वाट्याला विषय आला तो असा: एखाद्याचं हृदय बंद पडलं, तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला परत आणायला आपल्या विद्यार्थिनी मनाने कितपत तयार आहेत, हे मोजायचं. मन कसं मोजतात, असं मी मार्गदर्शक मॅडमना विचारलंही. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रश्नावली कर." त्यांच्यापुढे जास्त बोलायची माझी टाप नव्हती.

मी बारा विधानं काढली. अनोळखी माणूस रस्त्यात कोसळला तर मी लगेच सुरुवात करीन. तोंडाने श्वास द्यायला मला किळस वाटणार नाही. असं सगळं, इंग्रजीत, आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण मान्य'पासून 'अजिबात अमान्य'पर्यंत. नववं विधान होतं: माझ्या घरातलं वडीलधारं माणूस कोसळलं तरी माझे हात कचरणार नाहीत. ते मी का घातलं, हे मॅडमना सांगितलं नाही.

आदल्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, बेंगळुरात जयनगरच्या आमच्या घराच्या पायरीवर सकाळी पेपर वाचता वाचता कलंडले. कपाळावर घाम, हात छातीवर. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते आणि त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी होते. मी त्यांची नाडी पाहिली नाही. शर्टाचं साधं बटण सोडलं नाही. नुसती "अण्णा, अण्णा" करत राहिले. समोरच्या घरातले ऑटोवाले धावत आले, त्यांनी अण्णांना उचललं आणि दवाखान्यात नेलं. अण्णा वाचले. त्यात माझा वाटा शून्य होता.

वॉर्डात रोज परक्या पुरुषांची अंगं पुसणारी मी. पण आमच्या घरात मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की वडील तिला जवळ घेत नसत. तसा काही नियम नव्हता, कुणी बोलून दाखवलं नव्हतं. दसऱ्याला आणि संक्रांतीला वाकून नमस्कार करताना पायांना बोटं लागायची, तेवढाच काय तो स्पर्श. त्यात वर्गात शिकवलेलं डोक्यात बसलेलं: नीट दाबलं तर वयस्क माणसाची बरगडी मोडू शकते, मोडली तरी थांबायचं नाही. परीक्षेसाठी मी हे घरभर फिरत मोठ्याने पाठ करत असे. पाठ करताना अण्णांचा बनियनमधून दिसणारा हाडांचा पिंजरा डोळ्यांपुढे यायचा आणि मी पुढच्या ओळीवर उडी मारायची.

त्या सकाळबद्दल अण्णा माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटे, रागावले असते तर बरं झालं असतं.

तर फॉर्म. साठ मुलींनी भरून दिले आणि मी ते ऐटीत मॅडमच्या टेबलावर ठेवले. एकूण एक मुलगी बाराही विधानांना 'पूर्ण मान्य'. मॅडमनी दहा-बारा उलटले आणि चष्मा काढला.

"या झाशीच्या राण्या परवा डमीपुढे कुठे गेल्या होत्या?"

आमच्या कॉलेजात सरावाची एकच डमी होती, माणसाच्या आकाराची, कमरेपर्यंतची, कुलुपात ठेवलेली. तिच्या छातीवर हात ठेवण्याआधी निम्म्या मुली तिला हळूच स्पर्श करून बोटं डोळ्यांना लावत, पुस्तकाला चुकून पाय लागला की लावतात तशी. तोंडाची पाळी आली की स्पिरिटच्या बोळ्याने तिचे ओठ इतके घासत, की ओठांचा रंगच उडून गेला होता. आणि कागदावर म्हणे किळस वाटणार नाही!

"वर रोल नंबर छापलास तू," मॅडम म्हणाल्या. "रोल नंबर दिसला की आपल्या मुली परीक्षा लिहितात. खरं कोण लिहील?"

चूक माझी होती, आणि मला ती चूक वाटलीच नव्हती. बालवाडीपासून एकही कागद मी रोल नंबराशिवाय भरला नव्हता. मी स्वतःही एक फॉर्म भरून पाहिला होता. नवव्यापुढे माझी खूण कुठे होती? 'पूर्ण मान्य'. खोटारडी.

सगळं पुन्हा करायचं ठरलं. नंबर नाही, नाव नाही, फॉर्म बंद खोक्यात टाकायचे. घरी येऊन मी चिडचिड केली, तेव्हा अण्णांनी बुटांचं एक खोकं शोधलं आणि ब्लेडने त्याला फट पाडून दिली. ते सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या अर्जांवर 'हरकत नाही' असं लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. आईने वांगीभात करू का विचारलं तरी ते "हरकत नाही" म्हणत आणि आई कपाळावर हात मारून घेई. कागद टाचायचं काम त्यांच्या हातचं, म्हणून फॉर्म टाचायलाही तेच बसले. टाचताना त्यांनी एक फॉर्म सावकाश वाचला.

"नववं अवघड आहे ग, अक्का," ते म्हणाले. मी थोरली, म्हणून घरात सगळेच मला अक्का म्हणत.

"मुलींना जाईल अवघड," मी म्हटलं.

"मुलींनाच कशाला," असं म्हणून त्यांनी पुढचा टाचला.

पहिल्या दिवशी तीस मुलींनी फॉर्म भरले. खोकं मी घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिसांसाठी परत नेलं. मग मॅडमसमोर उघडलं. या वेळी कागदांवर माणसं दिसत होती. खुणा इकडेतिकडे विखुरलेल्या, खोडलेल्या, काठाशी ठेवलेल्या. नवव्यापुढे तर कितीतरी जणींनी 'सांगता येत नाही'चा चौकोन धरला होता. मला इतकं हायसं वाटलं, की मी मॅडमसमोर हसले.

"एकसष्ट आहेत," मॅडम म्हणाल्या. "कुणीतरी दोनदा भरलाय." आणि शोधता शोधता त्यांच्या हाती तो आला. एकाही चौकोनात खूण नाही. खाली कोऱ्या जागेत मात्र निळ्या शाईत चार ओळी.

"अक्षरं कन्नड आहेत, पण भाषा कुठली ही? मला काही लागत नाही." आणि त्या एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागल्या.

आमच्या घरात मराठी बोलतात आणि कन्नड अक्षरांत लिहितात. वाण्याची यादी, नातेवाइकांची पत्रं, सगळं तसंच. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहून आमचं असं झालं आहे. त्यामुळे मॅडमच्या तोंडून, अडखळत, चुकीच्या ठिकाणी थांबत, मला अण्णा ऐकू आले.

"अक्काचा हात बसला तर आपली हरकत नाही. बरगडी मोडली तरी हरकत नाही. त्या दिवशी ती भ्याली. मीही भ्यालो होतो."

खाली सवयीने सही केली होती. मग नाव घालायचं नाही हे आठवून ती नीट, पट्टी लावून, खोडली होती.

मी रडले. मॅडमनी कारण विचारलं, तेव्हा अर्थ सांगितला आणि कुणी लिहिलंय तेही सांगितलं. वर्षभर दाबून ठेवलेली ती सकाळही सांगून टाकली. मग तो फॉर्म गठ्ठ्यातून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा मोजणीत धरता येणार नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अण्णा पायरीवर पेपर घेऊन बसले होते. समोर ऑटोवाले आपली ऑटो धूत होते. मी चपला काढून अण्णांच्या शेजारी बसले.

"एक फॉर्म जास्त आला, अण्णा."

"मोजताना स्वल्प चुकलं असेल," ते पेपरातच बघत म्हणाले.

"हात ठेवू?"

त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि ताठ बसले. कचेरीत साहेब आल्यावर बसत असतील तसे. "सरी," ते म्हणाले, कन्नडातलं 'बरं'.

छातीच्या बरोबर मध्ये, शिकवलं होतं तिथे, मी तळहात ठेवला. शर्ट उन्हाने गरम होता. हाडं मला वाटत होती तेवढी नाजूक नव्हती. आणि खाली ते चाललं होतं, आपल्याच नादात, मध्येच एखादा ठोका चुकवत.

"दाब की," अण्णा म्हणाले.

"चालत्या हृदयावर दाबायचं नसतं, अण्णा."

"मग?"

"मग काही नाही."

ते समोरच्या ऑटोकडे बघत राहिले. माझा हात काढून घ्यायची वेळ झाली असं मला वाटलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मग राहू दे थोडा वेळ."