संजीवनीच्या गळ्यातली भिमाआजी

दहावीच्या मुलींचा निरोप समारंभ जवळ आला की आमच्या शाळेत माझा भाव एकदम वाढतो. एरवी मराठीच्या मास्तराला कोण विचारतं? पण त्या दिवशी प्रत्येक मुलीला स्टेजवर बोलावून तिच्या नावाचं शेलापागोटं वाचतात, म्हणजे तिच्या खोडीवर केलेली चार ओळींची थट्टा, आणि ती थट्टा लिहायचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे वर्षभर मला पाहून वळणावर गायब होणाऱ्या मुली थंडीत अचानक वाकून नमस्कार करू लागतात.

आमची शाळा मुलींची, निवासी. अमडापूरच्या पुढे माळावर आहे. शेतकऱ्यांच्या, भाजीवाल्यांच्या मुली पाचवीत येतात त्या दोन वेण्या, एक पत्र्याची पेटी आणि भरपूर रडं घेऊन. दहावी होऊन जाताना पेटी तीच असते, रडंही तेवढंच असतं, फक्त आता ते उलट्या दिशेने चाललेलं असतं.

यंदाच्या तुकडीत मयुरी होती. ती प्रार्थनेत उभ्या उभ्या झोपायची आणि प्रतिज्ञेला बरोबर हात पुढे करायची, तोही झोपेतच. समीक्षा मॉनिटर होती. तिने शाळेच्या आवारात चुकून शिरलेल्या शेळ्यासुद्धा रांगेत बाहेर काढल्या होत्या. यांची शेलापागोटी मी चहा निवायच्या आत लिहिली. अडलो तो संजीवनीपाशी.

संजीवनी देऊळगाव राजाकडची. आई अन्नपूर्णाबाई मळ्यात वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकायच्या. ही पाचवीत आली तेव्हा बरेच दिवस बोललीच नाही. मग एका दुपारी रिकाम्या वर्गातून मुख्याध्यापक प्रेमानंद सरांचा आवाज आला, "काय गोंधळ आहे हा!" मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण हातातलं वर्तमानपत्र लपवून खुर्चीत ताठ झालो. नंतर आठवलं, सर त्या दिवशी मीटिंगला बुलढाण्याला गेले होते. आत डोकावलो तर फळ्यापाशी एवढीशी संजीवनी.

त्यानंतर तिने एसटीचा कंडक्टर काढला, शाळेची घंटा काढली, विंचू पाहिलेली समीक्षा काढली. माझाही आवाज काढला, तेव्हा वर्गाला खऱ्याखुऱ्या जांभया आल्या. आम्ही पोट धरधरून हसायचो. त्या हसण्यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही: संजीवनी स्वतःच्या आवाजात बोलायचीच नाही. काही विचारलं की कोणाच्या तरी आवाजात उत्तर द्यायची.

आता भिमाआजी. भिमाबाई नांदुऱ्याकडच्या, आमच्या स्वयंपाकघराच्या मालकीण. पगार स्वयंपाकिणीचा, रुबाब जिल्हाधिकाऱ्याचा. दुपारी मागच्या हौदापाशी उभं राहून त्या हाक मारायच्या, "पोट्टीहो, चला वं, भाकरी थंडी होऊन राह्यली!" आणि साऱ्या वसतिगृहाने एका सुरात "ओऽ, आलो!" म्हणायचं. ओ आल्याशिवाय त्या पातेल्यावरचं झाकण काढत नसत. एकदा सगळ्या मुली रुसून गप्प बसल्या, तर झाकण तसंच राहिलं आणि मुख्याध्यापकांनी स्वतः अंगणात येऊन "ओ" दिली.

दिवाळीच्या सुट्टीत भिमाआजी आपल्या घरी वारल्या.

सुट्टीनंतर तुळशीराम नावाचा नवा स्वयंपाकी आला. हा ताटावर पळी वाजवून जेवायला बोलवायचा. सगळ्या यायच्या, पाचवीतली काजल तेवढी यायची नाही. ती निंबाखाली गुडघ्यात मान घालून बसायची. आजीने हाक मारली तरच जेवीन, म्हणायची. पोर वाळत चालली. शेवटी एका दुपारी संजीवनी हौदापाशी जाऊन उभी राहिली आणि भिमाआजींच्या आवाजात तिने हाक मारली. अंगावर काटा आला. पण सवयीने सगळ्या मुलींच्या तोंडून "ओऽ, आलो!" निघून गेलं, आणि काजल ताट घेऊन पळत आली. तेव्हापासून रोज दुपारी हेच चाललं. आम्हाला मोठं कौतुक वाटलं.

मग एके दिवशी तुळशीराम हात पुसत माझ्याकडे आला. चेहरा पिठासारखा.

"सर, थे हाका मारनारी पोट्टी मले सांगून राह्यली, जिऱ्याची बरणी वरच्या फळीवर, चुलीच्या मागं हाये म्हणून."

"मग?"

"मग तिथंच निघाली ना! मले महिनाभर सापडली नाई. अन् ह्या पोट्टीनं सयपाकघरात कधी पाय नाई ठेवला."

मी म्हणालो, अंदाज असेल. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे, निदान दिवसाउजेडी.

हळूहळू संजीवनीचे बाकीचे आवाज बंद पडले. कंडक्टर गेला, घंटा गेली, मीसुद्धा गेलो. वर्गात कवितेचा अर्थ विचारला तर ती कमरेवर हात ठेवून उठली आणि तिने भिमाआजींच्या आवाजात उत्तर दिलं. मी हसलो. वर्गात हसणारा मी एकटाच होतो. मुली तिच्याकडे न पाहता आपापल्या वह्यांकडे पाहत होत्या. रात्रीच्या गप्पांतून तिचं नाव गळलं. तिच्या शेजारची खाट समीक्षाने, शेळ्यांना न भिणाऱ्या समीक्षाने, पलीकडच्या भिंतीला नेऊन लावली.

रविवारी वसतिगृहाच्या अधीक्षिका मनकर्णाबाई मुलींना आपल्या फोनवरून घरी बोलू देतात. त्या रविवारी मी तिथेच होतो. फोनचा स्पीकर चालू होता.

"आई, मी बोलून राह्यली," संजीवनी म्हणाली.

"कोण?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"संजीवनी."

पलीकडे त्या हसल्या. "आजी, थट्टा करता का माझी? संजूला द्या फोन."

"आई, मीच हाये ना वं!"

आता अन्नपूर्णाबाई हसल्या नाहीत. "माझी पोर बरी आहे ना? तुम्ही तिला फोन का देत नाही?"

संजीवनीने मनकर्णाबाईंच्या हातात फोन दिला आणि स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला. "सर," ती म्हणाली, आणि साठी उलटलेल्या बाईचा तो खरखरीत आवाज पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडातून येताना मी पहिल्यांदा नीट ऐकला. "सर, माहा आवाज सापडून नाई राह्यला. परीक्षा झाली की घरी जाच लागते. आईनं मले वळखलंच नाई तं?"

चिखलीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. घसा उत्तम आहे म्हणाले, मिठाच्या गुळण्या लिहून दिल्या. गुळण्यांचा खळखळाटही भिमाआजींसारखाच निघाला.

मनकर्णाबाईंनी मग मला बाजूला घेतलं. "सर, बुढी जात नाई, कारण पोट्ट्या तिले रोज ओ देऊन राह्यल्या. गेलेल्या माणसाच्या नावानं रडावं, जेवू घालावं. त्याच्या हाकेले ओ देऊ नाई. हे आपल्याले ठाऊक नव्हतं का? लाडात इसरलो."

मी काही तरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं आणि शास्त्रीय असं काही न सुचल्यामुळे मिटलं.

दुसऱ्या दिवशी हाकेला कोणीही ओ द्यायची नाही, असं ठरलं. मुलींनी माना डोलावल्या. काजल तेवढी उभी राहिली.

"मंग झाकण कोन काढीन? आजी तशीच उभी राहीन ना, उन्हात?"

"तुवा ओ दिली," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तं संजूताईची आई तिले कधीच वळखणार नाई."

काजल बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग मान डोलावून म्हणाली, "हाव."

दुसऱ्या दिवशीची दुपार माळावर पांढरी फटक पडली होती. निंबाचं पान हलत नव्हतं. मुली ताटं घेऊन व्हरांड्यात बसल्या. तुळशीराम चूल सोडून आमच्यापाशी येऊन उभा राहिला. संजीवनी हौदापाशी गेली. जाताना ती कमरेतून वाकून चालत होती.

"पोट्टीहो, चला वं, भाकरी थंडी होऊन राह्यली!"

ओ कोणी दिली नाही.

"आल्या नाई का वं? रुसल्या का?"

मग नावं सुरू झाली. समीक्षा. मयुरी. मयुरी आयुष्यात पहिल्यांदा टक्क जागी होती. त्यानंतर आली ती नावं मी कधी ऐकली नव्हती. ती फार पूर्वी शिकून गेलेल्या मुलींची होती, हे मनकर्णाबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. आवाज उतरत उतरत अगदी जवळ आल्यासारखा झाला.

"काजल, बाई माही, तू तं ये."

काजलने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं होतं. बोटांवरून पाणी वाहत होतं. पण आवाज निघाला नाही.

संजीवनी हौदाच्या कठड्याला टेकली होती, डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून. मी तिच्याकडेच पाहत होतो, मनकर्णाबाईही पाहत होत्या. आणि तेव्हा आवाज आला, समजुतीचा, थकलेला:

"बरं. जेवा मंग पोटभर."

संजीवनीचे ओठ हलले नव्हते. पाठोपाठ रिकाम्या स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. तुळशीरामने माझा दंड धरला. त्याची बोटं नंतर दोन दिवस उमटून होती.

संजीवनी ताठ उभी राहिली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"काजल," ती म्हणाली, "चल गं."

बारीक, थोडा किनरा, अगदी साधा आवाज. इतक्या वर्षांत तो आम्ही कोणी ऐकलेला नव्हता. तो तिचाच आहे हे ठरवायचं कोणी? मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. काजलने तोंडावरचे हात काढले, उठून तिच्यापाशी गेली आणि तिचं बोट धरून तिला जेवायला घेऊन आली.

जेवण होताच मनकर्णाबाईंनी फोन लावला. रविवार नव्हता, तरी लावला.

"आई," संजीवनी म्हणाली.

पलीकडून मळ्यातल्या मोटारीचं पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. संजीवनीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"काहून गं," अन्नपूर्णाबाई एकदम कडाडल्या, "आज बुधवारी फोन? शाळा बुडवली का? आणि नाकात काय बोलतेस अशी, रडलीस का? त्या रविवारी कुठं मेली होतीस? कोण्या म्हातारीच्या हाती फोन दिलास, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझा! बोल की आता. गप का?"

स्वतःच्या आवाजात बोलायची संजीवनीला सवयच नव्हती. मग तिने त्या दिवशी काय काय खाल्लं ते आईला सांगायला सुरुवात केली, भाजी कुठली होती, किती तिखट होती, भाकरी दोनदा मागून घेतली तेही. अन्नपूर्णाबाई मध्ये मध्ये रागावत होत्या, आणि फोन ठेवत नव्हत्या.