उकिरड्यातल्या हिरव्या अळ्या

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला, हेही धड सांगता येत नाही. हिरव्या अळ्यांचे ते प्रकरण मात्र मला आजही तसेच्या तसे आठवते, कारण त्यात मी एका निरपराध माणसाची नोकरी जवळजवळ घालवली होती.

नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेलला फौजदार होतो. दिवाळी होऊन दीड महिना झाला असेल, एका सकाळी नेऱ्याच्या बाजूच्या एका गावचे पोलीस पाटील हजेरीच्या वेळीच ठाण्यात आले. बरोबर एक शेतकरी होता. त्याचा बैल आदल्या दिवशी तोंडाला फेस येऊन, पाय झाडत मेला होता. संशय शेजारच्या मास्तरांवर. हे मास्तर पनवेलच्या एका शाळेत शास्त्र शिकवत आणि गावात घर व नारळाची बाग करून राहत.

"सायेब, मास्तरनी आमच्या खताच्या खड्ड्यात कायतरी टाकलाय," शेतकरी म्हणाला. "मागल्या अवसेच्या दिवशी दिवेलागनीला. पाटलांनी सोता बगितलाय. आता खड्ड्यातल्या अळ्या हिरव्यागार होऊन मेल्यात. आनि काल बैल गेला."

त्याने केळीच्या पानात बांधून आणलेली पुरचुंडी माझ्या टेबलावर सोडली. अंगठ्याएवढ्या जाड चार अळ्या होत्या, खडूसारख्या कडक, अंगभर हिरवी पूड. माझा हवालदार बोट लावायला गेला आणि मीच त्याच्या हातावर फटका मारला. त्याला अळ्यांनी काही केले नसते, हे मला पुढे कळले.

पाटील खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर दारू पीत नाय, पन भंगारवाल्याकडून दारूच्या रिकाम्या बाटल्या आनतो. दार लावून कायतरी शिजवतो."

जनावर मारल्याबद्दल कलम ४२९ खाली गुन्हा दाखल केला आणि गावात गेलो. गुरांच्या डॉक्टरांनी बैलाचे शवविच्छेदन करून विषबाधेचा संशय लिहिला आणि नमुने सीलबंद करून दिले. मी गोठ्याचा पंचनामा केला. मग मास्तरांच्या घराची झडती घेतली, तर पलंगाखाली अठरा चपट्या बाटल्या निघाल्या. आत शिजवलेल्या तांदळाच्या कण्या, तोंडाला कापसाचा बोळा, आणि कण्यांवर तीच हिरवी पूड. दारात जमलेली माणसे एकदम दोन पावले मागे सरली. मला वाटले, मुद्देमाल सापडला, आता फक्त कबुली राहिली.

त्यांना अटक करून ठाण्यात आणले. "तुम्ही अमावास्येला त्यांच्या खड्ड्यावर गेला होता?"

"नाही."

"पाटलांनी पाहिलंय."

"त्यांचा गैरसमज झाला असेल."

हे खोटे होते, आणि खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाचे होते. त्यांचे कान लाल झाले होते. पण पोलिसाच्या डोक्यात एकदा माणूस बसला की त्याचे कानही पुरावाच वाटतात. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

दुपारी त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आले. पाणीसुद्धा घेतले नाही. "साहेब, अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिले तर मला निलंबनाचा कागद वर पाठवावाच लागेल. उद्या सकाळी अकराला ते तास भरतात. सव्वीस वर्षं नोकरी झालीय त्यांची. एकदा डाग लागला की पुसत नाही हो."

मी म्हटले, "कायदा सगळ्यांना सारखाच." असली वाक्ये आमच्या तोंडात तयारच असायची.

मुख्याध्यापक आल्याचे मास्तरांना कळले, तेव्हा मात्र ते सरळ बसले. "गेलो होतो साहेब, खड्ड्यावर. बाटल्यांतली पूड मिसळली त्यात. पण विष नाही ते. बुरशी आहे."

नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याने त्यांची बाग खाल्ली होती. भुंगा अंडी घालतो शेणखतात, अळ्या तिथेच पोसतात. मास्तरांनी स्वतःचा खड्डा साफ केला. पण भुंगे शेजारच्या खड्ड्यातून येत राहिले. माणसाला साथ लागते तशी किड्यांनाही बुरशीची साथ लागते, हे त्यांनी वाचले होते. कोकणातल्या एका संशोधन केंद्रातून त्यांनी बुरशीची एक नळी आणली आणि घरी कण्यांवर वाढवली.

"ती अळीच्या कातडीवर रुजते," ते समजावू लागले आणि एकदम वर्गात उभे असल्यासारखे बोलायला लागले. "तिथून आत शिरते. अळी खाणं सोडते, मरते, कडक होते. मग तिच्या अंगावर ही हिरवी पूड धरते, आणि त्या पुडीमुळे पुढची अळी आजारी पडते. गुरांना काही होत नाही. विष मारलं की एकदाच मरतात; ही खड्ड्यात टिकून राहते."

"मग शेजाऱ्याला विचारलं का नाही?"

"दोन वर्षं बांधावरून बोलणं नाही आमचं. तो नाहीच म्हणाला असता."

"आणि काल खोटं का बोललात?"

"अमावास्या होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. करणी केली म्हणतील, अशी भीती वाटली. मुलं शिकतात हो माझ्याकडे."

शास्त्राच्या मास्तराने पंचांग पाहिले नाही, आणि त्यातून हे सगळे रामायण! मला हसू आले, पण विश्वास बसला नाही. एकदा खोटे बोललेला आरोपी दुसऱ्यांदा खरे बोलतोय, हे पोलिसाला पटायला वेळ लागतो. कृषी खात्याला फोन केला, तर "लेखी मागणी पाठवा." रासायनिक तपासणीचा अहवाल यायला महिने लागत. माझ्या हातात उरले होते वीस तास.

मास्तर म्हणाले, "साहेब, ती पूड विषारी असती तर आधी कोंबड्या मेल्या असत्या. खड्डा उकरला की त्या अळ्याच टिपतात."

हे मला पटले, कारण ते तपासता येण्यासारखे होते. हवालदाराला जीपमध्ये घेतले आणि पुन्हा गावात गेलो. शेतकरी भात झोडायला गेला होता. त्याची बायको अंगणात होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि आत जायला निघाली.

"ताई, थांबा. कोंबड्या किती मेल्या तुमच्या?"

"येक पन नाय."

"खड्ड्यातल्या अळ्या खातात?"

"रोज खातान. कडक झाल्यान त्या नाय खात, पन बाकीच्या खातान."

"बैलाला शेवटचं काय घातलं होतं?"

तिने गोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. "कोंडा. नव्या भाताचा. त्या गोनीतला."

मी गोणी उजेडात आणली. धुवट, फिकी, पण नीट पाहिले तर लाल त्रिकोण आणि त्याच्या वर कवटी. पावसाळ्यात भातावर मारायला आणलेल्या विषारी पावडरीची गोणी ती. घट्ट विणीची, भोक नाही, म्हणून झटकून ठेवली होती. शिवणीच्या दुमडीत पांढरी पूड अजून होती. आदल्या दिवशीच्या पंचनाम्यात मी स्वतः लिहिले होते, 'कोंडा भरलेली जुनी गोणी, एक.'

"तुम्हाला शंका आली होती?"

"पयल्याच दिवशी," ती म्हणाली आणि रडू लागली. "बैलानी तोंड लावला नं घटकाभरात पडला. मीच घातला होता. मी बोलनार होती. पन सगले मास्तर मास्तर करत व्हते, नं मना कोनी इचारलाच नाय."

हवालदाराने मान खाली घातली. माझीही वर होत नव्हती.

गोणी जप्त केली, तिचा जबाब घेतला. त्याच संध्याकाळी, आरोपीविरुद्ध पुरावा नाही असा कलम १६९ खालचा अहवाल घेऊन मी स्वतः न्यायालयात गेलो. मास्तर जातमुचलक्यावर सुटले, तेव्हा बत्तीस तास झाले होते. मी त्यांची माफी मागितली. "तुमचं चुकलं, माझंही चुकलं," एवढेच ते म्हणाले.

पुढे अहवाल आला. बैलाच्या पोटात आणि गोणीत एकच कीटकनाशक होते. प्रकरण 'सी समरी'त, म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार म्हणून, बंद झाले. शेतकरी सही करायला ठाण्यात आला, बायकोही आली. जप्त केलेल्या बाटल्या परत न्यायला आलेले मास्तर बाकावर बसले होते. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती मात्र त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, यंदा भुंगं कमी हायेत. पुढल्या सालीपन टाका. पन सांगून टाका."

नवरा खाकरला, नाही मात्र म्हणाला नाही.

त्या प्रकरणानंतर मी कुठल्याही घराचा पंचनामा करताना, चूल आणि गोठा कोण सांभाळते ते आधी विचारू लागलो, आणि जबाब तिच्यापासून सुरू केला. वरिष्ठांनी त्या तपासाबद्दल माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा मारला. 'गोणीतील विषामुळे मृत्यू झाल्याचे कसून केलेल्या तपासात निष्पन्न झाले,' असे मी अंतिम अहवालात लिहिले होते. खरे तर मी एका बाईला, दोन दिवस उशिरा, एक प्रश्न विचारला होता.